बॉल उचलता येतो. पण झुलवता येतो का?

सोमवारची ओपीडी म्हणजे जत्राच. रविवारभर घरात दाबून ठेवलेली सगळी दुखणी त्या दिवशी केसपेपर हातात घेऊन रांगेत उभी राहतात. अशाच एका सोमवारी तिशीतला एक तरुण समोर येऊन बसला. त्याची बायको बाळाला घेऊन लसीकरणाच्या खोलीबाहेर थांबली होती. बाळाचा साडेतीन महिन्यांचा डोस होता. नंबर यायला वेळ होता, तेवढ्यात हा आपला हात दाखवून घ्यायला आला होता.

"मॅडम, बॉलिंग करताना मनगट दुखावलं."

"टेनिसचा बॉल होता की सीझनचा?" मी सवयीनं विचारलं.

तो ओशाळून हसला. "क्रिकेटमधलं बॉलिंग नाही मॅडम. मॉलमधलं. मोठा बॉल घरंगळत सोडून दहा बाटल्या पाडायच्या असतात ना, ते."

मग सगळी हकीकत कळली. शनिवारी कंपनीनं सगळ्यांना मॉलमध्ये नेलं होतं. रॅकवर वेगवेगळ्या आकड्यांचे, रंगीबेरंगी बॉल मांडलेले. एक मित्र जाणकाराच्या थाटात म्हणाला, "आपल्या वजनाच्या दहा टक्के वजनाचा बॉल घ्यायचा असतो." याचं वजन ९२ किलो. दहा टक्के म्हणजे नऊ किलोंच्या वर. तेवढा जड बॉल तिथं नव्हताच, म्हणून त्यानं असलेल्यातला सगळ्यात जड, १६ आकड्याचा उचलला. शिवाय सगळे बघत होते. तीन गेम झाले. त्या रात्री फक्त हात जड वाटला. रविवारी सकाळी बाळाला पाळण्यातून उचलायला गेला आणि अंगठ्याच्या मुळातून अशी कळ आली, की बाळ हातातून सुटतंय की काय असं वाटलं.

"तेव्हापासून मी तिला घेतलंच नाही," तो खाली बघत म्हणाला. "भीती वाटते."

मी त्याला अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीच्या बाजूला झुकवायला सांगितलं. जेमतेम झुकवलं आणि तो कळवळला. अंगठा वर उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या बाहेरच्या कडेनं एका अरुंद बोगद्यासारख्या आवरणातून जातात. ते आवरण सुजून जाड झालं, की अंगठ्याच्या प्रत्येक हालचालीला कंडरा त्यात घासतात. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये ते आम्हाला नेहमी दिसतं, कारण बाळाला काखेत धरून उचलताना अंगठ्यावर ताण येतो. या बाबाच्या अंगठ्यावरही बाळाचा आणि मोबाइलचा थोडाफार ताण आधीपासून होताच. शनिवारच्या बॉलनं त्यावर कळस चढवला.

त्याच्या लेकीचं वजन कार्डावर सहा किलो लिहिलेलं होतं. १६ आकड्याचा बॉल सव्वासात किलोंचा असतो. म्हणजे लेकीपेक्षाही जड वस्तू त्यानं एका हाताच्या तीन बोटांत धरून पन्नासेक वेळा झुलवली होती. हिशेब केला तर ती साडेतीनशे किलोंच्या वर जाते. पन्नास किलोंची सात पोती एकाच हातानं, तीही मनगटातून! मी काही अस्थिरोगतज्ज्ञ नाही, पण हे गणित समजायला तज्ज्ञ लागत नाही.

हा खेळ आता मोठ्या शहरांत आणि निमशहरांतल्या मॉलमध्येही वाढदिवसांचा, ऑफिसच्या पार्ट्यांचा आणि सुट्टीचा भाग झाला आहे. बहुतेक जण वर्षातून दोन-तीनदा जातात, कुणी शिकवत नाही आणि बॉल कसा निवडायचा हे कुणी सांगत नाही. म्हणून आजचा लेख त्या एका निवडीबद्दल.

आकार एकच, वजन वेगळं

बॉलवर लिहिलेला आकडा पौंडांत असतो. त्याच्या निम्म्यापेक्षा थोडं कमी केलं की किलो मिळतात. ६ आकड्याचा बॉल २.७ किलो, १० चा साडेचार किलो, १२ चा ५.४ किलो आणि १६ चा सव्वासात किलो. १६ पौंड ही नियमानं ठरलेली कमाल मर्यादा आहे, त्याहून जड बॉल चालत नाही.

गंमत अशी, की सगळे बॉल जवळजवळ सारख्याच आकाराचे असतात, व्यास सुमारे २२ सेंटीमीटर. वजनातला फरक आतल्या साहित्यानं साधलेला असतो. या आकाराचा बॉल साधारण ५.४ लिटर पाणी बाजूला सारतो. त्यामुळे १२ पौंडांहून हलका बॉल पाण्यात टाकला तर तरंगेल आणि त्याहून जड बॉल बुडेल! थोडक्यात, नुसतं बघून बॉल जड की हलका हे डोळ्यांना कळत नाही. ते हातालाच कळतं. आपली पहिली चूक इथंच होते. आपण हाताला न विचारता आकडा किंवा रंग बघून बॉल उचलतो.

बॉल सोडायच्या रेषेपासून पहिल्या पिनपर्यंतचं अंतर ६० फूट, म्हणजे १८.३ मीटर. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा जरा कमी. लेनची रुंदी जेमतेम एक मीटर आणि पाच सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना गटार. टोकाला त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना, प्रत्येक ३८ सेंटीमीटर उंच आणि सुमारे दीड-पावणेदोन किलोंच्या दरम्यान वजनाची. बॉल निवडताना खरा प्रश्न एवढाच असतो: या पिनांपर्यंत तो पुरेशा वेगानं आणि सरळ रेषेत जाईल का?

वेग येतो कुठून?

बहुतेकांना वाटतं, वेग दंडाच्या ताकदीतून येतो. लहानपणीचा झोका आठवा. झोक्यावर पाच वर्षांचं पोर बसू दे की त्याचा बाप, दोघं एकाच उंचीवरून सुटले तर खाली येईपर्यंत दोघांचा वेग जवळजवळ सारखाच असतो. वेग ठरतो तो उंचीवरून. बॉलिंगमध्ये आपला हात म्हणजे झोक्याची दोरी, खांदा म्हणजे वरची कडी आणि बॉल म्हणजे झोक्यावर बसलेलं पोर.

हात मागं नेल्यावर बॉल त्याच्या सगळ्यात खालच्या जागेपासून ७० सेंटीमीटर वर गेला असं धरू. तिथून तो नुसता सोडून दिला, काहीच जोर लावला नाही, तरी खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी १३ किलोमीटर होतो. बॉल दहा पौंडांचा असो की सोळा, आकडा तोच. त्यात आपण चार पावलं चालत येतो त्याचा ताशी सहा किलोमीटर वेग मिळवा. झाले ताशी १९. या वेगानं बॉल साडेतीन सेकंदांत पिनांपर्यंत पोचतो आणि हौशी खेळाडूला तेवढं पुष्कळ आहे. सराव वाढला की हाच वेळ अडीच सेकंदांवर, म्हणजे ताशी २६ किलोमीटरवर येतो. पुढच्या वेळी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बघा.

यातला जो वेग फुकट मिळतो, तो मिळण्याची एक अट आहे. झोका मोकळा हलला पाहिजे. बॉल पेलवेनासा झाला, की हात मागं पुरेसा वर जातच नाही. उंची निम्मी झाली, की फुकटच्या १३ मधले चारएक किलोमीटर तिथंच गेले. मग ते भरून काढायला माणूस खांदा आणि मनगट झटकतो. आमच्या तरुणाचं मनगट नेमकं तिथं दुखावलं होतं. म्हणजे जड बॉलनं त्याला वेग दिला नाही, उलट असलेला काढून घेतला.

फार हलक्या बॉलचीही अडचण असते. तो हातात खेळण्यासारखा वाटतो, म्हणून आपण तो झुलवत नाही, फेकतो. हात खांद्याच्या वर जातो, पुढं येताना आडवा ओढला जातो आणि बॉल वेगानं जातो खरा, पण गटारात.

जड बॉलची बाजू

जड बॉलची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. पिनेवर आदळल्यावर बॉल मंदावतो आणि बाजूला ढकलला जातो. शाळेतलं टकरीचं गणित मांडून बघितलं, म्हणजे समोरासमोर, पूर्ण लवचीक टक्कर धरली, तर ६ पौंडांच्या बॉलचा टकरीनंतर सुमारे २६ टक्के वेग उरतो, १० पौंडांच्या बॉलचा ४८ टक्के आणि १६ पौंडांच्या बॉलचा ६४ टक्के. प्रत्यक्षात टक्कर तिरकी होते, पण कल यातून कळतो. जड बॉल पिनांच्या गर्दीत आपली वाट सोडत नाही. दहाच्या दहा पिना उत्तम पडतात तेव्हा बॉल स्वतः त्यातल्या चारच पिनांना लागतो आणि उरलेल्या सहा एकमेकींच्या धक्क्यानं पडतात. त्या चौघींपर्यंत पोचायला बॉलला वाट टिकवावी लागते आणि वजन तिथं कामी येतं.

पण वेगाचंही एक गणित आहे. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. १६ पौंडांचा बॉल ताशी १९ किलोमीटरनं गेला काय आणि १२ पौंडांचा ताशी २२ किलोमीटरनं गेला काय, दोघांची ऊर्जा जवळजवळ सारखीच भरते. तीन किलोमीटरचा हा फरक मोकळ्या हातानं सहज मिळतो. म्हणजे चार पौंड कमी उचलून जे गमावलं, त्यातलं बरंचसं हात मोकळा ठेवून परत मिळवता येतं.

आणि नेम? अठरा मीटरवर दिशेत एका अंशाची चूक झाली, तर बॉल ३२ सेंटीमीटर बाजूला जातो. दोन शेजारच्या पिनांमधलं अंतर असतं साडेतीस सेंटीमीटर. म्हणजे एक अंश चुकलात, की नेम एका पिनेवरून दुसरीवर. लेनच्या मधोमध उभं राहून पावणेदोन अंश चुकलात, की थेट गटार. खांदा किंचित झुकला किंवा मनगट जरा वळलं, तरी एवढी चूक होते. दमलेला हात तर हमखास चुकतो. गटारात गेलेल्या १६ पौंडांच्या बॉलची ऊर्जा कितीही असली, तरी फळ्यावर भोपळाच पडतो.

दहा टक्क्यांचा नियम

'वजनाच्या दहा टक्के' हा नियम जगभर सांगितला जातो. लहान मुलांसाठी 'वय जेवढं तेवढे पौंड' असाही आडाखा आहे. सुरुवातीचा अंदाज म्हणून हे ठीक आहे, पण त्यावर विसंबून राहण्यात एक धोका आहे आणि आपल्या लोकांसाठी तो जास्त आहे.

काटा वजन सांगतो. त्यातलं किती स्नायूंचं आणि किती चरबीचं, हे तो सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातलं वजन, अगदी सारखं, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो, हे त्यांना दाखवायचं होतं. मधुमेहाच्या संदर्भात हा दाखला नेहमी दिला जातो. मला तो बॉलच्या रॅकसमोरही आठवतो. बॉल झुलवणार खांद्याचे स्नायू. पोटावरची चरबी त्यात काहीच मदत करत नाही, पण दहा टक्क्यांच्या हिशेबात ती मोजली जाते. पोट सुटलेल्या माणसाला हा नियम नेमका जास्त जड बॉल देतो.

रॅकसमोर उभं राहिल्यावर

मग बॉल निवडायचा कसा? आधी भोकं बघा, वजन मागाहून. ऐकायला उलटं वाटेल, पण बॉल जड वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण चुकीची भोकं हे असतं. अंगठा पूर्ण आत गेला पाहिजे, किंचित घट्ट बसला पाहिजे आणि ओढ न लागता बाहेर आला पाहिजे. भोक सैल असलं, तर बॉल पडू नये म्हणून आपण तो मुठीनं आवळतो आणि तो ताण थेट मनगटावर आणि कोपरावर येतो. घट्ट असलं, तर अंगठा अडकतो. मग अंगठा पूर्ण आत ठेवून मधली दोन बोटं त्यांच्या भोकांवर आडवी टेकवा. बोटांचा मधला सांधा भोकाच्या अंगठ्याकडच्या कडेपाशी यायला हवा. तो फार अलीकडे राहिला तर तळहात ताणला जातो.

मॉलमध्ये इथं एक पेच पडतो. हलके बॉल मुलांसाठी म्हणून केलेले असतात, त्यांची भोकं लहान आणि जवळजवळ असतात. जड बॉलची भोकं मोठी. त्यामुळे जाड बोटांचा पण नाजूक खांद्याचा माणूस बोटं बसतात म्हणून जड बॉल उचलतो. असं झालं तर रॅक बदलून बघा. एकाच वजनाच्या बॉलमध्येही भोकं वेगवेगळी असतात. काउंटरवरच्या मुलाला विचारायला लाजू नका.

भोकं जमली की वजन. नव्यानं खेळणाऱ्या बहुतेक स्त्रियांनी ८ ते १० पौंडांपासून आणि पुरुषांनी १० ते १२ पौंडांपासून सुरुवात करावी. मग दोन चाचण्या करा. पहिली, बॉल दोन्ही हातांनी छातीसमोर धरून हात सरळ पुढं करा आणि सावकाश पाचपर्यंत मोजा. हात थरथरले किंवा कंबर मागं कलली, तर एक आकडा खाली या. दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. आजूबाजूला कुणी नाही हे बघून बॉल बाजूला धरा आणि न सोडता दहा वेळा पुढंमागं संथ झुलवा. सोबतच्या माणसाला तुमचे खांदे बघायला सांगा. बॉलकडचा खांदा सारखा खाली ओढला जात असेल, मनगट मागं मोडत असेल किंवा तुम्ही श्वास रोखून धरत असाल, तर तो बॉल तुमचा नाही, मग तो कितीही सहज उचलला गेला असला तरी.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच. पहिल्या फेकीला जमतो तो आपला बॉल नव्हे, तिसऱ्या गेमच्या शेवटच्या फेकीलाही पहिल्यासारखाच झुलवता येतो तो आपला. दुसऱ्या गेमनंतर बॉल लेनवर 'धप्प' आवाज करून पडायला लागला, तर हात दमला असं समजा आणि बिनदिक्कत हलका बॉल घ्या. नियमित खेळणारेसुद्धा हे करतात. १६ पौंड चालत असताना अनेक व्यावसायिक पुरुष खेळाडू १५ पौंडांचा बॉल वापरतात.

कुणी जास्त जपावं?

मधुमेह असणाऱ्यांनी. त्यांच्यात खांदा आखडण्याचं आणि बोट अडकण्याचं प्रमाण जास्त असतं. मी हे अनुभवानं सांगते. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला होता. गेल्या वर्षी आमच्या इंटर्न मुलांनी मला आग्रहानं बॉलिंगला नेलं. मुली १२ पौंडांचा बॉल घेत होत्या, म्हणून मीही तोच उचलला. दुसऱ्याच फेकीला खांद्यानं जुनी आठवण करून दिली. एवढी वर्षं रुग्णांना 'झेपेल तेवढंच करा' असं सांगणारी मी, चार तरुण पोरींसमोर कमी पडायला तयार नव्हते! मुकाट्यानं ८ आकड्याचा बॉल घेतला. त्यानंतर माझे गटारात जाणारे बॉल कमी झाले, हेही सांगायला हवं.

रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी श्वास रोखून जोर लावू नये, त्यानं रक्तदाब एकदम चढतो. बॉल सोडताना श्वासही सोडा. पाळी गेलेल्या आणि हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांनी वाकून, कंबर पिळून फेकू नये. नुकत्याच बाळंत झालेल्या आयांनी अंगठा आणि मनगट दुखत असेल, तर तूर्त टाळ्या वाजवायला बसावं.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांत १९९० ते २००८ या काळात आलेल्या बॉलिंगच्या दुखापतींचा एक अभ्यास झाला होता. त्यात बोटांच्या दुखापती सगळ्यात जास्त आढळल्या आणि सात वर्षांखालच्या मुलांमध्ये हातातून बॉल पडून झालेल्या दुखापती मोठ्यांपेक्षा जास्त दिसल्या. म्हणून मुलांना बॉल स्वतः उचलून आणायला लावू नका. परत येणाऱ्या दोन बॉलच्या मध्ये बोटं सापडतात, तेव्हा तो नेहमी दोन्ही बाजूंनी, दोन्ही हातांनी धरून उचलायचा, हे मोठ्यांनीही पाळावं. लहानग्यांसाठी बॉल ठेवून नुसता ढकलायची घसरगुंडीसारखी चौकट मिळते, ती मागून घ्या. व्हीलचेअरवरच्या माणसालाही तिच्यामुळे खेळता येतं.

मुलांनी दोन हातांनी बॉल सोडला तर त्यांना हसू नका. ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावी जेसन बेलमॉन्टे नावाचा मुलगा आई-वडिलांच्या बॉलिंग केंद्रात वाढला. दीड वर्षाचा असताना बॉल एका हाताला पेलेना, म्हणून त्यानं दोन्ही हात लावले. पुढं तीच पद्धत त्यानं सोडली नाही आणि तो जगातल्या सर्वांत यशस्वी बॉलिंगपटूंपैकी एक झाला. ज्या हाताला जे झेपत नाही ते न रेटता त्यानं वेगळी वाट काढली, यात मोठ्यांनाही घेण्यासारखं आहे.

दुखलंच तर

दुसऱ्या दिवशी दंड आणि मांड्या भरून येणं स्वाभाविक आहे, ते दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यापाशी एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ मात्र वेगळी. तिथं विश्रांती, दिवसातून तीन-चारदा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं आणि आठवडाभरात फरक नसेल तर डॉक्टर. चोळून घेणं, कडकड मोडून घेणं टाळा. अंगठ्याच्या आतल्या कडेला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर दुर्लक्ष करू नका. भोकाची कड तिथल्या नसेवर सारखी दाबली गेली, की नसेभोवती जाड गाठ तयार होऊ शकते. नियमित खेळणाऱ्यांमध्ये हे इतकं ओळखीचं आहे, की त्या दुखण्याचं नावच बॉलिंग करणाऱ्याचा अंगठा असं पडलं आहे. भोक बदलणं हा त्यावरचा पहिला उपचार. हात वर उचलताच येत नसेल, मनगट सुजून वाकडं दिसत असेल किंवा कमरेतून पायात कळ जात असेल, तर थांबू नका.

आमच्या त्या तरुणाला मी अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा दिला, थोडी औषधं दिली आणि लेकीला कसं उचलायचं ते दाखवलं. अंगठे पसरून काखेत धरून वर खेचायचं नाही. एक तळहात पाठीखाली, एक ढुंगणाखाली, आणि छातीशी धरूनच उठायचं. बायकोही आत आली होती, तिनंही लक्ष देऊन बघितलं. "आधी हिचा सराव कर," मी म्हटलं, "मग बॉलचा."

परवा तो पुन्हा भेटला. लेकीची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस होती. ती आता चांगली आठ किलोंच्या वर गेली होती आणि बाबाच्या कडेवर बसून माझा स्टेथोस्कोप ओढत होती.

"कंपनीनं परत नेलं होतं मॅडम," तो म्हणाला. "या वेळी ११ चा घेतला. मित्र हसले."

"आणि?"

"पहिल्या गेमपर्यंतच हसले."